घोड्याचं मांस खाल्लं तर पाप लागतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा पंढरपूरचा, कझाकस्तानात अल्माटीला एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला. नौरोजच्या सणाला वर्गमित्राने घरी जेवायला नेलं. मोठ्या परातीत रुंद पट्ट्यांसारख्या शेवया, त्यावर कांदा, त्यावर मांसाच्या चकत्या. चव आवडली म्हणून त्याने दोनदा वाढून घेतलं. परतताना बसमध्ये कळलं की तो घोडा होता. याच्या आजोबांचा पंढरपुरात टांगा होता. ‘मी घरी मटण-चिकन खातो, तरी तीन दिवस घशाखाली घास उतरत नाही. माझ्या हातून पाप झालं का? आणि तब्येतीला काही धोका आहे का?’

मी घोड्यांचा डॉक्टर आहे. एकतीस वर्षं हेच केलं: रेसचे तबेले, स्टड फार्म, थंड हवेच्या गावांतली भाड्याची घोडी, वरातीचे घोडे, वीटभट्टीवरची खेचरं. वयाने तुझ्या वडिलांएवढा असेन, म्हणून अरे-तुरे करतो.

पाप झालेलं नाही. तिथल्या घरात, तिथला घोडा, नीट शिजवलेला, यात धोकाही जवळपास नाही. पण एवढं सांगून तुझा घास खाली उतरणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तू खाल्लंस ते बेशबार्माक, आणि वरच्या चकत्या बहुधा ‘काझी’च्या. घोड्याच्या बरगडीचं मांस चरबीसकट घेतात, मीठ-मिरी-लसूण चोळतात, त्याच घोड्याच्या धुतलेल्या आतड्यात भरतात, वाळवतात किंवा धुरी देतात आणि मग मंद आचेवर तास-दीड तास उकळतात. पाहुण्याला चांगला तुकडा देणं हा तिथला मान आहे. तुला दोनदा वाढलं म्हणजे तू त्या घराला आवडलास.

आता तिथे घोडाच का, हे नीट समजून घे, कारण अर्धं उत्तर त्यात आहे. स्टेपच्या, म्हणजे तिथल्या अफाट गवताळ माळाच्या, हिवाळ्यात गवत बर्फाखाली जातं. गाय मुस्कटाने बर्फ ढकलू पाहते आणि वर कवच धरलं असेल तर उपाशी मरते. घोडा पुढच्या खुराने बर्फ उकरतो. त्याने मोकळ्या केलेल्या जागेत मागून मेंढ्या चरतात. म्हणजे कुणीही चारा-पेंड न घालता हिवाळा काढणारं जनावर तिथे घोडाच. थंडी पडली की कुटुंबाच्या बेगमीसाठी एखादा घोडा कापायचा, त्याला ‘सोगीम’ म्हणतात. पुढचे चार महिने सगळं आभाळच फ्रीज असतं. उत्तर कझाकस्तानात बोताय नावाची वस्ती उत्खननात सापडली आहे, साधारण साडेपाच हजार वर्षांपूर्वीची. तिथली हाडं बहुतेक सगळी घोड्यांची, आणि खापरांत घोडीच्या दुधाच्या स्निग्धांशाच्या खुणा मिळाल्या आहेत. म्हणजे लोक घोडा खात होते, आणि बहुधा दूध पीत होते, त्याच घोड्याला सांभाळतही होते. आजही कळप वेगळे: स्वारीचा घोडा वेगळा, कापायचा वेगळा. आपल्याकडे जत्रेला सोडलेला बोकड घरातली पोरंच वाढवतात की, त्याला नावाने हाका मारतात, आणि जत्रेच्या दिवशी रस्सा ओरपतात. कझाक माणूस घोड्यावर गाणी रचतो आणि काझीही खातो, यात त्याला विसंगती वाटत नाही. एक गंमत बघ, ते लोक हनफी मुसलमान. त्या परंपरेत घोड्याचं मांस ‘मकरूह’, म्हणजे टाळलेलं बरं, असं मानणारे पुष्कळ आहेत. पण बर्फ धर्मशास्त्र वाचत नाही.

मग तुला पाप का वाटलं? तू पंढरपूरचा आहेस, तुला मी काय सांगू. माऊलींच्या पालखीपुढचा अश्व रिंगणात धावतो आणि त्याच्या टापांखालची माती माणसं कपाळाला लावतात. खंडोबा घोड्यावर. आजोबांचा संसार घोड्यावर. ज्याच्या पायाची धूळ डोक्यावर घ्यायची ते पोटात गेलं, म्हटल्यावर पोट ढवळणारच. ही भावना खोटी नाही आणि तिची लाज वाटायचंही कारण नाही. पण ती जिथे वाढलो तिथली आहे. हाताच्या रेषांसारखी जन्माला घेऊन आलो, असं नाही.

आपल्याच जुन्या ग्रंथांत ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात १६२ वं सूक्त अश्वमेधाच्या घोड्याचं आहे. त्यात शिजणाऱ्या घोड्याच्या वासाचा आणि हांडीचा सरळ उल्लेख आहे. युरोपात उलटं झालं. जर्मन टोळ्या देवाला घोडा देऊन तो खात, म्हणून ७३२ साली पोप तिसऱ्या ग्रेगरीने धर्मप्रसारक बोनिफेसला लिहिलं की ही घाण प्रथा बंद पाड. आइसलंडने सन १०००च्या सुमारास ख्रिस्ती धर्म घेतला, तेव्हा ‘घोडा खायची मुभा राहील’ अशी अट घालून घेतली, ती सवलत पुढे रद्द झाली. आणि १८६६ साली पॅरिसने घोड्याच्या खाटिकखान्यांना रीतसर परवानगी दिली, कारण गरिबाला स्वस्त मांस हवं होतं. चार-पाच वर्षांतच शहर प्रशियाच्या वेढ्यात सापडल्यावर श्रीमंतांनीही खाल्लं. हजार-दीड हजार वर्षांत एकच मांस पवित्र, निषिद्ध आणि स्वस्त असं तीनही झालं, आणि घोडा आहे तसाच राहिला.

पण या सगळ्यात मला सगळ्यात जवळची वाटते ती कूतची गोष्ट, आणि तू वैद्यकीचा विद्यार्थी आहेस म्हणून तुला ती जरा लांबवून सांगतो. पहिल्या महायुद्धात इराकमध्ये टायग्रिसच्या काठी कूत-अल-अमारा या गावात इंग्रजांची सहावी डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात अडकली. या डिव्हिजनचं नावच पुणे डिव्हिजन. तीत १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. म्हणजे सातारा-रत्नागिरीकडची पोरं. वेढा ७ डिसेंबर १९१५ला पडला आणि २९ एप्रिल १९१६ला शरणागतीने संपला. जवळपास पाच महिने. धान्य संपत आलं तसे तोफखान्याचे आणि रिसाल्याचे घोडे, खेचरं कापायला सुरुवात झाली. गोरे शिपाई खाऊ लागले. हिंदी शिपायांनी, हिंदू काय नि मुसलमान काय, बहुतेकांनी नकार दिला. सेनापती टाउनशेंडने बिनतारी संदेश पाठवून हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगी मागवली. ती आली, तरी लोक हलेनात. धर्मगुरूचं भय त्यांना नव्हतंच. उद्या गावी परतलो तर जातीत घेतील का, पोरीबाळींची लग्नं होतील का, हे भय होतं. शेवटी एप्रिलमध्ये, पिठाचा शिधा मूठभर उरल्यावर, हजारोंनी खायला सुरुवात केली. बऱ्याच जणांसाठी तोवर उशीर झाला होता.

आता यातला वैद्यकीय भाग बघ. एकाच गावात, एकाच वेढ्यात दोन वेगळे रोग झाले. गोऱ्यांना बेरीबेरी, म्हणजे ‘ब१’ जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग, कारण त्यांचा पाव कोंडा काढलेल्या पांढऱ्या पिठाचा. हिंदी शिपायांच्या आट्यात कोंडा होता, जवाचं पीठ होतं, म्हणून बेरीबेरी टळली. पण ताजं मांस नाही, भाजी नाही, म्हणून स्कर्व्ही झाला. हिरड्या सुजल्या, जखमा भरेनात. ताज्या मांसात ‘क’ जीवनसत्त्व असतं थोडंच, पण तेवढंही पुरतं. त्या शिपायांना मी मूर्ख म्हणणार नाही. रोज ज्याला खरारा केला त्याला कापून खायचं, हे मलाही जमलं नसतं. पण त्यांना ‘पुण्यवान’ आणि खाणाऱ्यांना ‘पापी’ असंही म्हणवत नाही. तू तर उपाशीही नव्हतास नि कुणाचा घोडाही मारला नाहीस.

हे झालं खाण्याचं. पण माझ्या धंद्यात घोडं पेंड खातं ते दुसरीकडेच.

आपण घोडा खात नाही म्हणून आपण घोड्याशी चांगले वागतो, असा एक गोड समज आहे. मी ती शिडी खालपर्यंत पाहिली आहे. थरोब्रेड घोडा पाच-सहा वर्षांचा झाला की रेसमधून उतरतो. नशीब असेल तर रायडिंग स्कूलमध्ये जातो किंवा घोडी असेल तर पैदाशीला. तिथून वरातवाल्याकडे. तिथून जत्रेत विकला जातो, गाडीला जुंपला जातो, आणि शेवटी वीटभट्टी. दर पायरीला दाणा कमी, नाल कमी, डॉक्टर कमी. घोडा पंचवीस वर्षं जगू शकतो. त्यातली पाच वैभवाची असतात.

अशीच एक घोडी. नाव सांगत नाही, मालकाचंही नाही. पुठ्ठ्यावर स्टडचा डाग अजून वाचता येत होता, म्हणजे कधीकाळी तिची किंमत लाखांत होती. वरातीत डीजेच्या आवाजाने बिथरली, दुभाजकावर चढली, पुढच्या पायाचं नळीचं हाड मोडून कातडीबाहेर आलं. मला फोन रात्री साडेअकराला. गेलो तर ती तीन पायांवर उभी, घामाने निथळत, अंगावर अजून जरीची झूल. घोड्याचं हे हाड असं मोडलं की बसत नाही. साडेचारशे किलोचं धूड तीन पायांवर महिनोन्‌महिने उभं राहू शकत नाही, उरलेल्या पायांचे खूर आतून सुटतात. मी म्हटलं, झोपवावं लागेल. मालक मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘डॉक्टर, इंजेक्शन नका देऊ. एक जण सकाळी टेम्पो घेऊन येतोय, साडेतीन हजार म्हणतोय.’ कशासाठी, ते त्यानेही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. सकाळपर्यंत तिने तसंच उभं राहायचं, मग त्या पायावर टेम्पोत चढायचं, इतकं मात्र कळत होतं.

मालक वाईट नव्हता. लग्नसराईचं कर्ज होतं, घोडी हेच भांडवल, आणि ते एका रात्रीत गेलं होतं. अर्धा तास भांडलो, मग ऐकलं त्याने. इंजेक्शन दिल्यावर ती आधी गुडघ्यावर आणि मग कुशीवर गेली. मोतद्दाराने तिच्या डोक्याखाली स्वतःची पोतडी सरकवली. मग जेसीबी बोलवा, नऊ फूट खड्डा खणा, चुना-मीठ टाका. तो खड्डा मला बजावून खोल करावा लागतो, कारण आम्ही देतो ते बार्बिट्युरेट मढ्यात राहतं. कुत्र्याने किंवा गिधाडाने ते मांस खाल्लं तर तेही मरतं. जेसीबीचं बिल साडेतीन हजारांपेक्षा जास्त झालं. अर्धं मी भरलं.

त्या रात्री घरी येताना मनात आलं ते सांगतो, लोकांना आवडत नाही तरी. दहा किलोमीटरवर एखादा नीट चालवलेला कत्तलखाना असता, आणि तिथल्या माणसाला बोल्ट पिस्तूल, म्हणजे जनावराला एका फटक्यात बेशुद्ध करणारं हत्यार, कुठे टेकवायचं हे माहीत असतं (प्रत्येक डोळ्यापासून विरुद्ध कानाच्या मुळापर्यंत रेघ ओढायची, दोन रेघा छेदतात तिथून किंचित वर), तर ती साडेबाराऐवजी साडेअकराला सुटली असती. जनावराला आपलं मांस कोण खाणार याची चिंता नसते. शेवटचे तास कसे जाणार, एवढीच त्याची नीती.

अमेरिकेत याचा धडा मिळाला आहे. तिथे २००७ साली घोड्यांचे शेवटचे कत्तलखाने बंद झाले. प्राणिप्रेमींनी आनंद केला. नको झालेले घोडे मात्र काही नाहीसे झाले नाहीत. ते ट्रकांत भरून मेक्सिको आणि कॅनडात कापायला जाऊ लागले, काही वर्षं तर लाखाच्या वर. शेवटचा प्रवास पूर्वीपेक्षा लांबला, एवढंच.

मग भारतात घोड्याच्या मांसाला परवानगी द्यावी, असं माझं म्हणणं आहे का? नाही, आणि कारण भावनिक नाही. एक तर कायदा: अन्नसुरक्षेच्या २०११च्या नियमांत खाण्यासाठी कापायच्या जनावरांची यादी आहे, शेळी-मेंढी, गाय-म्हैसवर्ग, डुक्कर, कोंबड्या वगैरे. घोडा त्यात नाही. दुसरं आणि खरं कारण माझ्या बॅगेत आहे. फिनाइलब्युटाझोन, आम्ही ‘ब्यूट’ म्हणतो. लंगडणाऱ्या घोड्याला सांधेदुखीवर स्वस्त आणि गुणकारी. रेसचा, वरातीचा, डोंगरावरचा, असा एकही घोडा मी पाहिलेला नाही ज्याला जन्मात कधी ब्यूट मिळालं नाही. माणसांत याने क्वचित पण जीवघेणा अप्लास्टिक अॅनिमिया होतो, अस्थिमज्जाच बंद पडते. किती अंश चालतो याची सुरक्षित मर्यादा ठरवता आलेली नाही, म्हणून खाण्याच्या जनावरात ते पूर्ण वर्ज्य. युरोपात प्रत्येक घोड्याला पासपोर्ट असतो आणि ब्यूट दिलं की त्यावर शिक्का पडतो: हा घोडा आता कधीही अन्न नाही. आपल्याकडे घोडा जत्रेत हातरुमालाखाली बोटं दाबून विकला जातो. त्याच्या औषधांची नोंद कुठून आणायची?

पासपोर्ट असूनही युरोप फसलंच. जानेवारी २०१३मध्ये आयर्लंडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बीफ बर्गर तपासले, तर एका नमुन्यातल्या मांसात २९ टक्के घोडा निघाला. मग देशोदेशीच्या लझान्यात, डबाबंद खाण्यात तेच. ब्रिटिश लोकांना घोड्याची किळस आली, पण खरा गुन्हा फसवणुकीचा होता. ज्याने गाय म्हणून घोडा विकला, तो त्या घोड्याच्या पोटात कोणतं औषध होतं हे सांगणार आहे थोडाच.

आणखी एक गोष्ट तुला शिकवणीत येईलच. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर आपल्याकडे जे प्रतिविष टोचतात, ते घोड्याच्या रक्तातून येतं. घोड्याला विषाचे बारीक डोस महिनोन्‌महिने टोचायचे, प्रतिपिंडं तयार झाली की रक्त काढायचं, प्लाझ्मा ठेवून तांबड्या पेशी परत त्याच्याच अंगात सोडायच्या. पिंपरीला हाफकिनचे असे घोडे आहेत. पुण्यातली लशींची मोठी कंपनीदेखील स्टड फार्मच्या वयस्क घोड्यांपासूनच उभी राहिली. कोकणात भातकापणीला घोणस चावलेली बाई वाचते, तेव्हा तिच्या शिरेत घोडा असतो. तिला कुणी विचारत नाही की हे चालतं का, आणि विचारूही नये. ‘आम्ही घोड्याला अंगाला लावून घेत नाही’ असं म्हणणाऱ्याला मी हे आठवण करून देतो, एवढंच.

आणि संख्या बघ. २०१२च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाख घोडे-तट्टू होते, २०१९ला तीन लाख चाळीस हजारांच्या आसपास उरले. टांगे गेले, गाड्या आल्या, पैदास थांबली. कझाकस्तानची माणसं दोन कोटी, घोडे तीस लाखांच्या वर. खाणाऱ्यांकडे कळप वाढतोय आणि पुजणाऱ्यांकडे आटतोय. यावरून काय ठरवायचं ते तू ठरव. मी अजून ठरवू शकलेलो नाही.

आता तुझ्या कामाचं. मांस घरगुती आणि पूर्ण उकळलेलं असेल तर निर्धास्त राहा. कच्चं किंवा अर्धकच्चं घोड्याचं मांस कुठेही खाऊ नकोस, जपानात कुणी ‘बासाशी’ म्हणून पातळ काप पुढे केले तरी. फ्रान्स-इटलीत १९७५पासून ट्रायकिनेला नावाच्या कृमीच्या बऱ्याच साथी घोड्याच्या मांसातून आल्या आहेत. तो कृमी शिजवल्यावर मरतो. मळमळ तीन दिवस टिकली म्हणतोस ती मनाची असावी. ताप, डोळ्यांभोवती सूज, अंगदुखी असं काही दिसलं तर मात्र दवाखाना.

पुन्हा बोलावणं आलं तर जा. घोडा नको असेल तर आधीच मित्राला सांग, पानावर बसल्यावर नको. ‘माझ्या आजोबांचा घोडा होता, मला जमत नाही’ म्हण. कझाक माणसाला हे कारण दुसऱ्या कुठल्याही कारणापेक्षा लवकर समजेल. मला एकदा अशाच घरी पुढे ताट आलं होतं. मी सूप आणि शेवया खाल्ल्या, चकत्या बाजूला ठेवल्या. त्यात तत्त्व काही नव्हतं. दिवसभर घोड्यांच्या तोंडात हात घालतो, त्यांच्या अंगाचा वास माझ्या शर्टाला कायमचा आहे. तो वास येत असताना घास गेला नाही. यजमानाने काही न बोलता माझ्या चकत्या आपल्या ताटात घेतल्या.

घरी सांगावं का, असंही तू शेवटी विचारलं आहेस. आईला सांगू नकोस, ती उगाच उपास धरेल. आजोबा हयात असतील तर त्यांना सांग, आणि सांगितल्यावर विचार की टांगा बंद झाला तेव्हा त्यांच्या घोड्याचं पुढे काय झालं. मी हा प्रश्न बऱ्याच टांगेवाल्यांना विचारला आहे. बहुतेक जण तंबाखू मळायला घेतात.